घरच्या भजनाला दोन कान द्या

आषाढ शुद्ध एकादशीला चातुर्मासाचा प्रारंभ होतो आणि महाराष्ट्रातील घराघरांतून नेम धरले जातात. कोणी एकभुक्त राहतो, कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी ज्ञानेश्वरीच्या नित्य वाचनाचा संकल्प सोडतो. या नेमांच्या पंक्तीत यंदा आणखी एका नेमाला पान वाढावे, अशी आमची भाविक वाचकांस विनंती आहे. आपल्या घरात जे गायिले जाते, म्हटले जाते, वाचले जाते, ते या चार महिन्यांत नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावे. आणि त्यासाठी एका महागड्या मायक्रोफोनाच्या नादी न लागता, बेताच्या किमतीच्या दोन सारख्या कंडेन्सर मायक्रोफोनांची जोडी घ्यावी.

कीर्तनकाराने माइकाच्या खरेदीविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण कीर्तनकाराचा सारा संसार आवाजावर चालतो. नारदाच्या गादीवर उभे राहणाऱ्याने आवाज कसा निघतो, कसा पोचतो आणि कसा विरून जातो, याचा विचार करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा? शिवाय हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. घरातील एका वृद्ध कंठाबरोबर काय काय निघून जाते, याचा तो प्रश्न आहे.

शब्द राहिले, चाली गेल्या

आपल्या पूर्वजांनी शब्द जपण्याचे काम निष्ठेने केले. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून मिळविलेली बाडे आजही पाहावयास मिळतात. मठामठांतून आणि घरांच्या माळ्यांवरून अशा पोथ्या निघाल्या, छापल्या गेल्या, आणि अभंग आपल्या हाती आले. परंतु ते अभंग त्या घरात कोणत्या चालीवर म्हटले जात होते, कोठे ठहराव घेतला जाई, धृपदावर परत येताना टाळकरी कोणती लग्गी धरीत, हे कोणत्याही बाडात लिहिलेले नाही. स्वरलिपीने चालीचा सांगाडा धरता येतो. गाणाऱ्याचा श्वास तिच्यात मावत नाही.

याला मोठा अपवाद वेदपाठाचा. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांची तटबंदी उभारून वैदिकांनी अक्षर आणि स्वर दोन्ही मुखपरंपरेने टिकविले. युनेस्कोने २००३ साली या परंपरेचा जागतिक वारसा म्हणून गौरव केला. परंतु अशी तटबंदी आजीच्या भूपाळीभोवती कोणी उभारली? गौरीच्या जागरणातील गाण्यांना घनपाठी कोठून मिळणार?

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. हे काम वेळेवर झाले म्हणून ते सूर आज ऐकावयास मिळतात. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि जात्याबरोबर ओवीही थांबली. आज ज्यांच्या कंठात ती शिल्लक आहे, त्या माउल्या सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. प्रत्येक घरी संशोधक येणार नाही. ज्याने त्यानेच आपल्या घरचा संशोधक व्हावे लागेल.

यंत्र गुरू नव्हे, साक्षी आहे

यावर काही सनातनी मंडळी आक्षेप घेतील की, विद्या गुरुमुखातून यावी, डबीतून नव्हे. आक्षेप रास्त आहे. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांची जी यादी दिली आहे, तिच्यात लिहिलेले पाहून म्हणणाऱ्याचाही समावेश आहे. पण त्याच वैदिक कुळांत पोथ्या लिहून ठेवण्याचा प्रघात पुढे पडलाच. पोथीने गुरूची जागा घेतली नाही. गुरू विसरला तर साक्ष देण्यासाठी ती उशाशी राहिली. ध्वनिमुद्रणाचेही तसेच समजावे. नात आजीसमोर बसून शिकत असेल, तर तिच्या हाती यंत्र देण्याची गरज नाही. परंतु नात परगावी, कित्येक घरी तर परदेशी आहे. ती शिकावयास येईल तेव्हा आजी असेलच असे नाही. त्या दिवसासाठी एक खरा साक्षीदार घरात हवा, आणि साक्षीदार खरा असावयाचा, तर त्याचे कान शाबूत हवेत.

मोबाईल पुरे नाही का?

हा प्रश्न आम्हांला घरोघरी विचारला जातो. काहीच नसण्यापेक्षा मोबाईल शतपटीने बरा, यात शंका नाही. आज रात्री आजोबा गाणार असतील आणि घरात दुसरे साधन नसेल, तर मोबाईलच समोर ठेवावा; माइकाची वाट पाहू नये. तथापि मोबाईल मुख्यतः बोलण्यासाठी घडविलेला आहे. बोलण्याखेरीज जो आवाज एकसारखा चालू असतो, त्याला तो गोंगाट समजून दाबू पाहतो. आता विचार करा, आपल्या संगीतात एकसारखा चालू असणारा आवाज कोणता? तंबोऱ्याचा! ज्या षड्जावर सारे गायन उभे, तोच या यंत्राच्या लेखी पंख्याच्या घरघरीइतका टाकाऊ ठरतो. दुसरे असे की, आवाज मोठा झाला की मोबाईल आपण होऊन ग्रहणशक्ती कमी करतो आणि लहान झाला की वाढवितो. टाळ वाजला की गाणाऱ्याचा शब्द खाली बसतो; टाळ थांबला की भिंतीवरचे घड्याळ वर येते. काही मोबाईलांत या गोष्टी बंद करता येतात. पण मूळचे लहानगे ग्राहक आणि ते धरण्याची जागा, ही मर्यादा राहतेच.

दोन का? एक का नाही?

संस्कृत भाषेत एकवचन आणि बहुवचन यांच्या मध्ये द्विवचन आहे. कर्णौ, नेत्रे, हस्तौ. निसर्गाने ज्या वस्तू जोडीने दिल्या, त्यांची गणना वेगळी ठेवावी, असा तो भाषेचा विवेक आहे. प्राकृतात द्विवचन लोपले आणि मराठीतही ते आले नाही. पण आपले कान दोनच राहिले. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा फरक एका सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढा असतो. एवढ्याशा फरकावरून मन ठरविते की पेटी डावीकडे आहे, तबला उजवीकडे आहे आणि बुवा मध्ये उभे आहेत. अलॅन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली याच तत्त्वावर दोन माइकांच्या ध्वनिमुद्रणाचे एकस्व मागितले, आणि आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, त्याचा पाया घातला गेला.

हा केवळ कानाचा चोचला नव्हे. एका माइकाने घेतलेल्या भजनात गाणारा, पेटी, पखवाज आणि दहा टाळ एकाच ठिकाणाहून येतात. सारे एकमेकांवर चढतात आणि शब्द बुडतो. दोन माइकांनी घेतलेल्या भजनात प्रत्येकाला आपापली जागा मिळते आणि पाठांतर विसरलेल्या माणसालाही गर्दीतून शब्द वेचता येतो. ज्याला पुढे चाल शिकावयाची आहे, त्याला ही सोय सोन्याच्या मोलाची वाटेल. म्हणून आमचे मत असे की, जेवढे द्रव्य एका भारी माइकावर घालावयाचे, तेवढ्यात साध्या दोघांची जोडी आणावी.

मात्र जोडी म्हणजे जोडी. घरात एक माइक आहे, त्याच्या शेजारी दुसऱ्या जातीचा आणून उभा केला, तर ती जोडी होत नाही. दोघांची संवेदनक्षमता आणि स्वराचा रंग वेगळा असला की खालच्या सप्तकात बुवा डावीकडे सरकतात आणि तार सप्तकात उजवीकडे! कीर्तनकार गादीवर थोडा इकडेतिकडे होतोच, पण एका जागी उभा असताना स्वर बदलताच त्याने जागा बदलावी, हे काही खरे नव्हे.

कंडेन्सर म्हणजे काय?

सभामंडपात कीर्तनकाराच्या तोंडासमोर असतो तो बहुधा डायनॅमिक माइक. दणकट, सोशिक, आणि जवळून बोलले तरच नीट ऐकणारा. कंडेन्सर माइक त्याहून हळवा. त्यात एक अत्यंत पातळ पडदा आणि त्याच्या मागे एक स्थिर पट्टी असते. आवाजाने पडदा हलला की दोहोंमधील अंतर बदलते आणि त्या अंतराबरोबर विद्युत्‌भार साठविण्याची शक्ती बदलते. पडदा हलका असल्यामुळे चिपळ्यांची टिचकी, तंबोऱ्याची जवारी आणि वृद्ध कंठातील कंप तो सहज उचलतो. अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी १९१६ साली असा माइक सिद्ध केला. पुढे १९६२ साली सेसलर आणि वेस्ट या दोघांनी विद्युत्‌भार कायमचा धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा, म्हणजे इलेक्ट्रेटचा, माइक बनविला आणि हे साधन स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला.

कंडेन्सर माइकाला बाहेरून थोडी वीज लागते. ती ४८ व्होल्टची असते आणि ज्या केबलमधून आवाज येतो त्याच केबलमधून जाते; वेगळी तार दिसत नाही, म्हणून तिला फँटम म्हणजे भुताची वीज म्हणतात. हा ४८ चा आकडा कोठून आला, त्याची कथा मनोरंजक आहे. १९६६ साली जर्मनीच्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी असा माइक पुरविला. नॉर्वेत हिवाळ्यात दिवस फारच थोडा. म्हणून तेथील स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची व्यवस्था आधीच होती. तीच वीज माइकाला जोडली गेली आणि पुढे जगभर तोच प्रघात पडला. उत्तर ध्रुवाकडील काळोखासाठी केलेली सोय आज आपल्या काकड आरतीच्या उपयोगी पडते आहे.

निवड कशी करावी?

न्यायशास्त्रात शब्दाच्या प्रसाराविषयी दोन दृष्टान्त आहेत. एक वीचीतरंगाचा, पाण्यावर लाटेमागून लाट सरकावी तसा. दुसरा कदंबाच्या गोलकाचा, कळीतून एकाच वेळी सर्व दिशांनी केसर फुटावेत तसा. शब्द सर्व दिशांना जातो, पण माइकाने सर्व दिशांनी तो घ्यावाच असे नाही. काही माइक चहूबाजूंनी सारखे ऐकतात. काही समोरून अधिक, बाजूने कमी आणि पाठीमागून जवळजवळ काहीच ऐकत नाहीत. त्यांच्या ग्रहणाची आकृती हृदयासारखी दिसते म्हणून त्यांना कार्डिऑइड म्हणतात. घरासाठी हीच हृदयाकृती जोडी घ्यावी. घरात पाठीमागून येणारे आवाज पुष्कळ असतात, आणि ते सगळेच जतन करण्यासारखे नसतात.

दुसरी गोष्ट आकाराची. मोठ्या पडद्याचे, जाडजूड माइक चित्रांत पाहून लोकांना तेच हवेसे वाटतात. परंतु बाजूने येणारा आवाज लहान पडद्याचे, पेन्सिलीसारखे सडपातळ माइक अधिक सरळपणे घेतात. भजनी मंडळ अर्धवर्तुळात बसते. कडेचा टाळकरी मधल्याइतकाच खरा ऐकू आला पाहिजे. शिवाय हे दोघे एकाच स्टँडवर सुखाने राहतात.

तिसरी गोष्ट माइकाच्या अंगच्या खरखरीची. प्रत्येक कंडेन्सर माइक स्वतः किंचित आवाज करतो आणि त्याचा आकडा माहितीपत्रकात दिलेला असतो. नॉयमनच्या केएम १८४ चा हा आकडा १३ डेसिबल, रोडच्या एनटी-५ चा १६ आणि त्याच कंपनीच्या एम-५ चा १९. आकडा जितका लहान तितका माइक शांत. यातील पहिल्याची जोडी लाखाच्या वर जाते. पण वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की, रात्रीच्या शांत वेळीही आपल्या घरातील निवांतपणा ३० डेसिबलच्या आसपासच असतो. खोलीच ज्याहून मोठ्याने बोलते, तो फरक भजनात कोणाला ऐकू येणार? एकट्या वृद्ध कंठाची हळू ओवी दुरून घ्यावयाची असेल, तर शांत माइकाचा थोडाफार लाभ होतो. एरवी त्या लाभासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

जोडी म्हणून बाजारात आलेल्या माइकांत बेहरिंगर सी-२, सॅमसन सी-०२, लेविट एलसीटी ०४० मॅच, रोड एम-५ आणि थोडी वरच्या किमतीची रोड एनटी-५ ही नावे घेता येतील. अमकीच घ्या असा आमचा आग्रह नाही. घेताना मात्र पुढील परीक्षा करावी.

दोन्ही माइक तोंडाला तोंड भिडवून एका जागी ठेवावेत आणि एकच माणूस दोन हात अंतरावरून बोलत असता दोघांवर मुद्रण करावे. दोन्ही पट्ट्या समान पातळीवर आणून संगणकावर एकीची ध्रुवता उलट करावी आणि दोन्ही एकत्र ऐकाव्यात. जोडी जितकी सारखी, तितका आवाज नाहीसा होतो. पुष्कळ शिल्लक राहिला तर समजावे की पत्रिका जुळत नाही. दुसरी परीक्षा टाळाची. स्वस्त माइकांत वरच्या पट्टीचे आवाज पुष्कळदा मुद्दाम उजळलेले असतात. बोलण्यात ते झकास वाटतात, पण टाळ वाजला की काच फुटल्यासारखे ऐकू येते. दुकानात जाताना पिशवीत टाळ न्यावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

द्रव्याची वाटणीही सांगून ठेवतो. जेवढे खर्चावयाचे ठरविले असेल, त्याचे निम्मे माइकांच्या जोडीला द्यावे. पाव हिस्सा दोन माइक घेऊन दोहोंना ४८ व्होल्ट देणाऱ्या जोडयंत्राला किंवा झूम, टॅस्कम यांच्यासारख्या हातातील ध्वनिमुद्रण यंत्राला द्यावा. मात्र त्याला माइकाच्या केबलसाठी दोन जागा आहेत आणि दोन्हींत फँटम वीज येते, हे पाहून घ्यावे. उरलेला पाव हिस्सा भक्कम स्टँड, दोन माइक धरणारी आडवी पट्टी, चांगल्या केबल आणि कानावर बसणारे हेडफोन यांना द्यावा. लोक माइकावर सारे उधळतात आणि स्टँड म्हणून देवघराच्या खिडकीला सुतळीने बांधतात, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे.

मांडणी

मांडणीचे दोन प्रकार घराला पुरेत. पहिल्यात दोन्ही माइकांची तोंडे एकावर एक येतील अशी ठेवून त्यांच्यात काटकोन करावा. यात दोघांना आवाज एकाच वेळी पोचतो. म्हणून पुढे मोबाईलच्या एकाच भोंग्यावर ऐकले तरी काही बिघडत नाही. नातेवाइकांना पाठवावयाचे असेल तर ही मांडणी निर्धोक. दुसरी मांडणी फ्रान्सच्या रेडिओने रूढ केलेली. तोंडांत १७ सेंटिमीटर अंतर आणि दोघांमध्ये ११० अंशांचा कोन. हे अंतर साधारण आपल्या दोन कानांतील अंतराएवढे आहे. हेडफोनवर ऐकताना माजघरात बसून भजन ऐकल्याचा भास हीच देते. आमची निवड दुसरी.

मंडळी सतरंजीवर अर्धवर्तुळात बसली असता जोडी मध्यभागी, पुढच्या गायकापासून चार-पाच फुटांवर आणि डोक्याच्या किंचित वर, खाली कललेली असावी. टाळकरी मागच्या रांगेत बसवावेत. पेटीचा भाता माइकाच्या नेमका समोर येऊ देऊ नये. गाणाऱ्याने डोलावे, पण मान वारंवार वळवू नये. ज्या पाणिनीय शिक्षेचा उल्लेख वर केला, तिने डोके हलविणाऱ्यालाही अधम पाठकांतच बसविले आहे. माइकाचा अभिप्राय शिक्षाकारांपेक्षा निराळा नाही.

खोली निवडताना दिवाणखान्यापेक्षा माजघर बरे. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवितात आणि शब्दावर शब्द चढतो. गाद्या, गोधड्या, कपड्यांनी भरलेले कपाट ज्या खोलीत आहे, ती खोली ध्वनिमुद्रणासाठी श्रीमंत समजावी. पंखा बंद करावा. अगदीच अशक्य असेल तर माइकाची पाठ त्याच्याकडे करावी. फ्रिज बंद केला तर घराची किल्ली त्याच्यावर ठेवावी, म्हणजे बाहेर पडताना तो सुरू करण्याची आठवण राहील. उदबत्ती आणि कापूर माइकापासून दूर असावेत. धूर आणि दमटपणा हे त्या पातळ पडद्याचे शत्रू. आषाढ-श्रावणात काम झाल्यावर माइक डबीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. आणि माइक चालू आहे का, हे पाहण्यासाठी त्यावर फुंकर मारण्याची जी सभामंडपी सवय आहे, ती घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवून यावी.

आता एका रोगाविषयी लिहिणे भाग आहे. उत्सवांतून आणि विकत मिळणाऱ्या भजनांतून आवाजावर कृत्रिम प्रतिध्वनी चढविण्याची जी चाल पडली आहे, ती घरात आणू नये. गुहेतून आल्यासारखा आवाज भक्तीचा आहे, असे कोणी ठरविले? आजीचा आवाज आजीच्या स्वयंपाकघरातलाच ऐकू आला पाहिजे. मधूनच कुकरची शिटी झाली, अंगणात चिमणी बोलली, तर ती पुसून काढू नये. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला त्या शिटीतही घर सापडेल.

जपणूक

ध्वनिमुद्रण मूळ स्वरूपात, म्हणजे वेव्ह पद्धतीच्या फाइलीत, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापाने करावे. एका तासाला साधारण १ गिगाबाइट जागा लागते; आजच्या काळात ती काहीच नव्हे. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा टाळही शून्याच्या खाली १२ डेसिबलवर थांबेल. कमी पातळीचे पुढे वाढविता येते. फाटलेला आवाज ब्रह्मदेवालाही शिवता येत नाही.

मुद्रणाच्या प्रारंभी तिथी, तारीख, गाव, गाणाऱ्याचे नाव आणि ही चाल कोणाकडून आली, हे स्पष्ट बोलून ठेवावे. आपल्या ग्रंथलेखकांनी पोथीच्या शेवटी शक, गाव आणि नाव लिहिण्याची शिस्त पाळली, म्हणून आज त्या पोथ्यांचा काळ कळतो. कितीतरी घरांत १९८० च्या दशकातील कॅसेटी ट्रंकेत पडून आहेत आणि त्यांवर फक्त ‘भजन’ एवढेच लिहिलेले आहे. कोणाचे, कोठले, केव्हाचे, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. अशा कॅसेटी असतील तर त्यांचीही संगणकावर नक्कल करून घ्यावी. फीत दरवर्षी थोडी थोडी मुकी होत असते.

प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर, लेकीच्या किंवा भावाच्या घरी असावी. आणि गाणाऱ्याची अनुमती अवश्य घ्यावी. कित्येक माउल्या देवासमोर गातात, गावासमोर नव्हे. त्यांचा आवाज घरापुरता ठेवावा असे त्यांनी म्हटले, तर तो घरापुरताच राहिला पाहिजे. अनुमतीवाचून सर्वांना पाठविलेले भजन हे प्रसाद नव्हे. ती चोरी आहे.

या ठिकाणी कोणी म्हणेल, आमच्या घरात कोणी गवई नाही, मुद्रण करण्यासारखे काय आहे? असे एकही घर आम्ही पाहिले नाही. आईची आरती वेगळ्या चालीची असते, काकांचे अथर्वशीर्ष विशिष्ट गतीने जाते, आजोबा हरिपाठाच्या एका ठिकाणी नेहमी थांबतात. ते का थांबतात, हे विचारण्याचे घरात कोणाला सुचलेले नसते. ध्वनिमुद्रणाच्या निमित्ताने ते विचारावे. उत्तरही मुद्रित करावे.

अधिक मास नसेल तर आषाढी ते कार्तिकी या काळात नऊ एकादश्या येतात. प्रत्येक एकादशीला एक मुद्रण, एवढाच हा नेम. पहिले काकड आरतीचे असो, दुसरे आजीच्या ओव्यांचे, तिसरे घरच्या हरिपाठाचे. पुढचे ज्याचे त्याने ठरवावे. कार्तिकी एकादशीला घरात नऊ तासांचा ठेवा जमलेला असेल आणि घरच्या पोरांना माइक धरण्याची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गप्प बसून ऐकण्याची, सवय लागलेली असेल. यंत्र दोन कान देऊ शकते. त्या कानांसमोर घरच्या वडीलधाऱ्यांना सन्मानाने बसविणे, हे ज्याच्या त्याच्या हाती आहे. ते या एकादशीपासूनच व्हावे.